चार बोटं माया

कात्री कापडातून जाते तेव्हा तिचा आवाज जाडसर, दबलेला असतो. कागदातून जाताना तोच आवाज कोरडा होतो आणि ऐकणाऱ्याच्या दातांपर्यंत पोचतो. माझ्या भावाला, विलासदादाला डोळ्यांसमोर आणायचं म्हटलं की आधी हा दुसरा, कोरडा आवाज येतो, मागून त्याचे हात येतात, आणि चेहरा अगदी शेवटी, तोही अर्धवट, कारण तो कायम खाली वाकलेला. ऑक्टोबरातलं ते चिकट ऊन, बंद पंखा, फरशीवर अंथरलेली वर्तमानपत्रं, आणि त्यांच्या मधोमध गुडघे टेकून पन्नाशीचा एक माणूस घर कापतो आहे. हो, घर. तो घर कापत होता आणि आम्ही बायका भिंतीला पाठ लावून, पाय आखडून त्याच्याकडे बघत होतो.

दादा अंधेरीच्या एका कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, त्यावर पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, आणि असे मांडायचे की बाहीच्या बगलेत कॉलर बसावी, कॉलरच्या पोटात खिसा बसावा, आणि शेवटी उरलेली चिंधी मुठीत मावावी: तीस वर्षांच्या या नित्यकर्मानं त्याची दृष्टीच तशी घडली. ताटात भाकरी, भाजी, चटणी कशी मांडली आहे हेही तो त्याच नजरेनं बघतो आणि जागा वाया गेलेली दिसली की बोटानं भाकरी सरकवतो. त्याच्याकडे दोन कात्र्या आहेत. कापडाच्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही. कागदाची मात्र खिळ्याला लटकलेली असते, ती कुणीही घ्यावी.

आमची जुनी खोली घाटकोपरच्या डोंगरउतारावर होती. ती पाडून तिथेच इमारती उभ्या राहिल्या आणि सातव्या मजल्यावर आम्हाला हे घर मिळालं. दहा फूट रुंद, सतरा फूट लांब. त्यातच ओटा, त्यातच संडास-मोरी. राहणारे पाच. आई, दादा, त्याची बायको सुजातावहिनी, त्यांची नववीतली मुलगी सांची, आणि मी, दादाची धाकटी बहीण, जिला घरात सगळे बेबी म्हणतात आणि जिचं वय एक्केचाळीस आहे. माझं लग्न का झालं नाही हे सांगायचं इथे कारण नाही. झालं असतं तर घरात एका माणसाची जागा मोकळी झाली असती, एवढंच या गोष्टीपुरतं खरं. ते कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते रोज ऐकू येत होतं.

सुजातावहिनी मुलुंडच्या एका इस्पितळात नर्स आहे. महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. जुन्या खोलीला मागच्या बाजूला पत्र्याची पडवी होती, तिथे ती दिवसा पाठ टेकायची. नव्या घराला मागची बाजूच नाही. सकाळी ती दमून यायची तेव्हा आईची मालिका चालू असायची, कुकर शिट्ट्या देत असायचा, शेजारीण वाटी घेऊन बेल वाजवायची, आणि या सगळ्या कोलाहलाच्या तळाशी डोळ्यांवर ओढणी बांधून वहिनी पडलेली असायची. तिच्या पापण्या ओढणीखाली हलताना दिसायच्या. भांडण असं काही झालं नाही. एक दिवस ती म्हणाली, ‘दोन दिवस आईकडे झोपून येते.’ तिचं माहेर मुलुंडलाच. झोपायला गेलेली बाई चार महिने परत आली नाही.

रोज फोन यायचा. आईची रक्तदाबाची गोळी, सांचीची शिकवणी, माझा खोकला, सगळ्याची चौकशी असायची. रागावलेल्या माणसाला मनवता येतं; वहिनी रागावलेली नव्हती, तिची झोप पूर्ण होत होती, एवढंच. मला त्याचीच धास्ती वाटायची. दादा तर या इमारतीत आल्यापासून घरी झोपतच नव्हता. कारखान्यात काम आहे म्हणायचा आणि तिथेच, ज्या टेबलावर दिवसभर कापड कापलं त्याच टेबलावर, अंग टाकायचा. सकाळी आंघोळीला आणि चहाला घरी. आई म्हणायची, ‘घर आपल्या नावावर आणि झोप लोकांच्या दारात. वाट लागली या घराची.’ तिचं बोलणं नेहमी असं, तोडून टाकणारं.

मग इस्पितळाच्या आवारात नर्सांसाठी घरं रिकामी झाली. एक खोली, एक खिडकी, आतून लागणारं दार. वहिनीचं नाव यादीत लागलं आणि तिला सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. हो म्हटलं तर सांचीही तिकडेच जाणार, शाळाही तिकडचीच. दादानं फोनवर तिला एवढंच सांगितलं, ‘रविवारपर्यंत थांब. तुला घर दाखवतो.’ पलीकडून ती म्हणाली असावी की घर पाहिलंय मी, कारण दादा म्हणाला, ‘हे नाही. मी करतोय ते.’ त्यानं सुताराला सोमवारी सकाळचं बोलावलं होतं. म्हणजे एकाच सोमवारी एकीकडे प्लायवर करवत पडणार होती, नाहीतर दुसरीकडे एका अर्जावर सही.

सांचीनं बापाला मोबाइलवर परदेशातली चिमुकली घरं दाखवली होती. पलंग छताला चिकटतो, जिन्याच्या पायऱ्यांतून खण निघतात, टेबल भिंतीत नाहीसं होतं. दादानं सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, ‘झकास आहे. पण यात माणसं दोनच दिसतात, आणि दोघं सारखी हसतायत. आपल्याकडे पाच जण आहेत आणि आई आहे.’ आईनं हे ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

दादानं आपलीच रीत धरली. गळ्यात टेप अडकवून त्यानं आमची मापं घेतली. उभ्यांची नाहीत, झोपलेल्यांची. आई डाव्या कुशीवर वळते तेव्हा तिचा गुडघा किती पुढे येतो. वेणी घालताना सांचीचं कोपर कुठवर जातं. मी उठून बसते तेव्हा हात कुठे टेकवते. वहिनीचं माप त्याला घ्यावं लागलं नाही, ते त्यानं न मोजता कागदावर उतरवलं, आणि ते उतरवताना त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. प्रत्येकीच्या देहाला दोन फूट रुंदी. त्यापुढे त्यानं पेन्सिलीनं दुसरी रेघ मारली, पहिल्या रेघेपासून चार बोटं लांब, दोन्ही बाजूंना. ही माया.

शिवणकामात शिलाईच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. अंग भरलं, मूल वाढलं, दिवस गेले, की शिलाई उसवायची आणि आतली माया बाहेर सोडायची. कपडा आणखी काही वर्षं अंगाला होतो. कारखान्यातला शेठ म्हणायचा, मास्टर, दोन बोटं पुरे, कापड फुकट येत नाही. आमच्या घरातल्या कपड्यांना मात्र दादाची माया कायम चार बोटांची. माझा एक ड्रेस त्यानं तीनदा उसवून मोठा करून दिला होता आणि दर वेळी काही न बोलता.

अशी चौघींची चार माणसांएवढी वर्तमानपत्रं कापून झाली. दोन फूट माणूस आणि सहा इंच माया, म्हणजे अडीच फुटांचा एक कागद. चार कागद शेजारी शेजारी ठेवले की बरोबर दहा फूट, भिंतीपासून भिंतीपर्यंत, बोटभरही चिंधी नाही. खिडकीच्या बाजूला चौघींची डोकी. एका टोकाला वहिनीचा कोपरा, त्याला एका बाजूनं प्लायची भिंत आणि पायथ्याशी सरकतं दार. भिंतीच्या आणि दाराच्या ठिकाणी सध्या दोरीवर चादरी. मग आई, मग मी, मग सांची. आम्हा तिघींच्या फळ्या दिवसा भिंतीला उभ्या लागणार. पायथ्याकडे उरलेल्या जागेत ओट्याचा कागद, कपाटाचा कागद, सांचीच्या अभ्यासाच्या फळीचा कागद. दादा मागे सरून ते बघत राहिला. आयुष्यात त्यानं इतका घट्ट साचा मांडला नसेल.

आठ दिवस आम्ही त्या कागदांत राहिलो. त्याचा दंडक होता की जे कागदावर जमत नाही ते लाकडात जमणार नाही. कपाटाच्या कागदावर पाय ठेवायचा नाही, कारण तिथे कपाट आहे. भिंतीतून जायचं नाही. पंखा लावला की घर उडायचं, म्हणून पंखा बंद, आणि बाहेर ऑक्टोबर नुसता उकळत होता. कागदांच्या कोपऱ्यांवर बटाटे, बत्ता, सांचीचा भूगोल. आई तिसऱ्या दिवशी ओट्यातून आरपार चालत मोरीकडे गेली आणि दादानं हाक मारली तेव्हा म्हणाली, ‘मला लागली होती. तुझा ओटा नंतर बघू.’ सांची हसली, मी हसले, दादाही हसला. पण हसू फार वेळ टिकलं नाही, कारण प्रत्येकाच्या मनात सोमवार होता. दोनदा ओटा सरकला, एकदा कपाटाचं दार उलटं झालं. रोज संध्याकाळी दादा विचारायचा, कुणाला कुणाचा धक्का लागला का. आम्ही आठवून सांगायचो.

रविवारी सकाळी दहाला वहिनी पाळीवरून थेट आली. चपला काढल्या, मोरीत पाय धुतले, आईच्या पाया पडली, सांचीच्या केसांवरून हात फिरवला. डोळे तांबरलेले, ओठ सुकलेले. दादा सांगू लागला. हे दार, हे सरकतं. ही भिंत, आतून कापूस भरणार, आवाज येणार नाही. हा कोनाडा, इथे तुझा डबा आणि पाणी. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस भरभर बोलत होता आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. चादर बाजूला करून वहिनी आत गेली आणि आपल्या कागदावर आडवी झाली, साडीत, केस न सोडता. दुकानात चप्पल पायात घालून बघावी तशीच ती घर अंगाला लावून बघत होती. वर्तमानपत्र कुरकुरलं, मग थांबलं.

आम्ही वाट बघितली. ती काहीतरी म्हणेल, अरुंद आहे म्हणेल, बरं आहे म्हणेल. दोन-तीन मिनिटांनी सांचीनं चादरीच्या फटीतून डोकावलं आणि आमच्याकडे वळून दोन्ही तळहात गालाखाली धरून दाखवले. वहिनी झोपली होती.

त्यानंतरचे चार तास मी कधी विसरणार नाही. आईनं टीव्हीचं बटण भिंतीवरूनच बंद केलं. कुकर लावायचा नाही हे कुणी कुणाला सांगितलं नाही. मी फोन बंद करून उशीखाली सरकवला, सांची आपल्या कागदावर मांडी घालून बसली, आई तिच्या कागदावर, मी माझ्या. कुणी हललं की कागद वाजायचा, म्हणून कुणी हलेना. दादा चपला घालून दाराशी जाऊन उभा राहिला, बेल वाजवायला येणाऱ्याला बाहेरच अडवायला. गॅलरीतून कुणाचं तरी पोर सायकल आपटत गेलं तेव्हा आम्ही तिघींनी एकदम श्वास धरला. चादरीमागे हालचाल झाली नाही. मला भूक लागली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि तरी माझ्या मनात एकच विनवणी चालली होती, झोप गं बाई, झोप, अजून थोडी झोप.

आमच्या खिडकीसमोर दुसरी इमारत आहे. दिवसभरात अर्धा तास तेवढा दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा आत येतो. त्या दिवशीही तो आला, सांचीच्या कागदावर पडला, तिथून माझ्या मांडीवर, तिथून आईच्या सुरकुतलेल्या पावलांवर, मग चादरीखालून आत सरकून वहिनीच्या तळव्यांवर. हजेरी घ्यावी तसा तो एकेकीवरून गेला. जाता जाता लांबत लांबत दारापर्यंत पोचला आणि तिथे उंबऱ्यावर उभ्या असलेल्या दादाच्या पायांवर थांबला. त्याच्या पायांत अजून चपला होत्या. मी ते पाय बघत राहिले. सगळ्यांना बसायला जागा होती. हा माणूस चार तास उभा का आहे, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

दोनच्या पुढे वहिनी उठली. चादर सरकवून बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर वर्तमानपत्राची शाई उमटली होती. तिनं आधी आम्हाला पाहिलं, मग दाराकडे.

‘तुम्ही कधीपासून उभे?’

‘आत्ताच.’

‘बसा ना मग.’

दादानं चपला काढल्या, एक पाऊल आत टाकलं आणि थबकला. आठ दिवसांची शिस्त होती. दुसऱ्याच्या कागदावर पाय ठेवायचा नाही. त्याची नजर आईच्या कागदावरून माझ्यावर, माझ्यावरून सांचीच्या कागदावर फिरली. वहिनीनं विचारलं, ‘तुमचा कुठला?’

आणि माझा भाऊ आपला कागद शोधू लागला. नाटक म्हणून नाही, खरोखरच. त्यानं बटाटे उचलून पाहिले. कपाटाच्या कागदाची घडी उलगडून पाहिली. सांचीला विचारलं, तू उचललास का. दाराच्या मागे बघितलं, उडून गेला असेल म्हणून गॅलरीतही वाकून आला. मग हात पुसत मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, ‘राहिला वाटतं.’

जुन्या खोलीत दादा चौदाव्या वर्षापासून बाहेर झोपला. खोलीसमोर सिमेंटचा ओटा होता, त्यावर त्याची वळकटी. लग्न झालं तरी तेच; रविवारी आई आम्हाला वंदनेला विहारात घेऊन जायची आणि वंदना संपली तरी दोन तास घरी येऊ द्यायची नाही, एवढाच काय तो त्याच्या संसाराचा एकांत. डोंगरावरच्या वस्तीत घरोघरचे बाप्ये असेच बाहेर झोपायचे, कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. नव्या इमारतीत बाहेर झोपायला मनाई आहे, म्हणून कारखान्यातलं टेबल. तीस वर्षं प्रत्येक चिंधीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाकडून घराच्या मापात चूक झाली ती ही. त्यागबिग काही नव्हता त्यात. तसं असतं तर मी त्याच्यावर चिडले असते. घरात झोपणाऱ्या माणसांची मापं घ्यायची म्हटल्यावर त्यानं घरात झोपणाऱ्या माणसांची मापं घेतली, आणि त्यांत तो कधी नव्हताच.

मी उठले आणि माझा कागद उचलला. बरेच दिवस घोळत असलेलं बोलून टाकलं: वाकोल्याला ऑफिसातली एक मैत्रीण भाड्यानं राहते, तिच्याकडे एक जागा आहे, मी जाते. आई म्हणाली, तू कशाला, मी गावाला जाते, माझे किती दिवस राहिलेत. सांचीला रडू फुटलं. दादा म्हणाला, ‘ठेव तो कागद खाली, बेबी.’ आवाज चढलेला. माझ्यावर त्यानं आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

‘तुम्ही सगळेच निघालात,’ वहिनी म्हणाली, ‘तर मी येऊ कुणाकडे?’ ती खाली बसली आणि आईच्या कागदावरच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. ‘माया किती ठेवलीय?’

‘चार बोटं.’

‘सगळ्यांना?’

‘सगळ्यांना. दोन्हीकडून.’

तिनं औषधाचे थेंब मोजावेत तसं मनाशी मोजलं. चार बोटं म्हणजे तीन इंच, दोन्हीकडून, चौघींची. ‘दोन फूट झाले,’ ती म्हणाली. ‘काढा सगळी.’

दादा म्हणाला, ‘माया काढायची नसते गं. सांची वाढेल. आईला कूस बदलता यायला पाहिजे. घट्ट होतं मग सगळं, उसवायला काही उरत नाही.’

‘तुम्ही नाही काढणार?’

वहिनी उठली, खिळ्यावरची कागदाची कात्री घेतली आणि गुडघे टेकून बसली. पहिली पट्टी तिनं स्वतःच्या कागदाची कापली. तिचा हात दादासारखा सरळ जात नव्हता, कड दातेरी होत होती, आणि दादा ती कड बघून डोळे मिटून घेत होता. मग आईच्या कागदाची. आई म्हणाली, ‘मला रात्री कोपर लागतं कुणाचं तरी.’ वहिनी कापता कापताच म्हणाली, ‘लागू दे, आई. शेजारी आपलंच माणूस आहे ना.’ मग माझा कागद, मग सांचीचा. अशा आठ पट्ट्या झाल्या. वहिनीनं पर्समधून जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी काढली आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून जोडल्या. आईच्या पट्ट्या आखूड, सांचीच्या वाढत्या वयाच्या म्हणून लांब, त्यामुळे त्या कागदाचं खालचं टोक दातपडकं दिसत होतं. कागद सरकवून सरकवून तिनं तो आपल्या कागदाशेजारी, चादरीच्या आत बसवला. प्लायच्या जाडीला पाऊण इंच लागणार होतं, तेवढं दादानं वाकून त्या नव्या कागदातूनच कापून घेतलं.

‘आता बघा आडवे होऊन,’ वहिनी म्हणाली.

आई समोर, बहीण समोर, वयात आलेली मुलगी समोर. तो इतका संकोचला की मला वाटलं, हा आता दाराबाहेर जातो. पण तो आडवा झाला, उताणा, ताठ, हात छातीवर. भर दिवसा, घराच्या आत, आमच्यामध्ये माझा भाऊ झोपलेला मी पहिल्यांदा पाहिला. तो माझ्या अंदाजापेक्षा लहान होता. त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि पोट श्वासाबरोबर वरखाली होत होतं. आईनं खिडकीकडे तोंड केलं आणि पदरानं नाक पुसलं.

वहिनीनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग बत्ता उचलून कागदाच्या कोपऱ्यावर नीट ठेवत तिनं विचारलं, ‘मिस्त्री किती वाजता येतोय उद्या?’

सांचीनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मी जाऊन कुकर लावला आणि पंखाही लावला. कागद उडाले तर उडू देत.

घर झालं. परदेशातल्या घरांसारखं ते दिसत नाही. आईचं कोपर मला लागतं, माझा गुडघा सांचीला, आणि सांची दोन वर्षांत खरंच चार बोटं वाढली आहे. ओट्याशी दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीनं थांबायचं. वहिनीचं सरकतं दार आवाज करत नाही; त्याच्या खाचेत दादा दर रविवारी मेणबत्ती घासतो. आम्ही भांडतो, खूप भांडतो, पण संध्याकाळी माणसं पाच असतात. पहिले काही आठवडे दादाला आत झोप लागत नव्हती असं वहिनी म्हणाली. छत जवळ वाटायचं त्याला, आणि गार वारा नाही.

परवा मंगळवारी अंगात कणकण होती म्हणून मी ऑफिसातून लवकर निघाले. वीज नाही म्हणून दादाच्या कारखान्याला त्या दिवशी सुट्टी, वहिनी रात्रपाळी करून आलेली, आई शेजारणीकडे, सांची कॉलेजात. दुपारचे दोन वाजले असतील. आमच्या दाराबाहेर दोनच जोड चपला होत्या, त्याच्या आणि तिच्या, आणि दार आतून लावलेलं होतं. दिवसाउजेडी लागलेलं आमचं दार मी जन्मात पाहिलं नव्हतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. ती मी हातात घेतली, परत आत टाकली, आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

थोड्या वेळानं मला घर ऐकू येऊ लागलं. पंख्याची लय, मोरीतला नळ, प्लायला लागलेलं कुणाचं तरी कोपर, झोपेत वहिनी पुटपुटली ते, आणि मग एक मंद, जाडसर घोरणं. ते कुणाचं हे कळायला मला एक क्षण लागला, कारण एरवी सरकतं दार लागलेलं असायचं आणि ते मी कधी ऐकलंच नव्हतं. ताप चढत होता आणि माझे डोळे भरून आले. बंद दाराच्या या बाजूला बसून माणसाला आपलं घर असं ऐकू येतं, एकेक आवाज वेगळा, एकेकाचा ओळखीचा, आणि हात लावायला काही नाही. दादानं ते किती वर्षं ऐकलं असेल: आईचा खोकला, माझं परीक्षेचं पाठांतर, नव्या नवरीच्या बांगड्या, तान्ह्या सांचीचं रडणं. काळ माणसाला कधीतरी आत घेतो, पण बाहेर गेलेली वर्षं बाहेरच राहतात. आमच्या त्या सगळ्या रात्रींच्या आठवणींत दादा कुठेच नाही, आणि त्याच्या आठवणींत आम्ही सगळे आहोत, दिवा मालवलेले, दाराआडून ऐकू येणारे.